खेळलेलं सांभाळणारे वीरेशअण्णा

कॉम्प्युटरवर जागा संपत आली की डिस्कची निळी पट्टी लाल होते. माझ्या दुकानात आजही ती लाल झाली की मी आधी प्लायवुडच्या भिंतीकडे बघते. भिंतीपलीकडे आता मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे हे माहीत असूनही बघते. अकरा वर्षांची सवय आहे. भिंतीवर दोनदा थाप मारायची आणि म्हणायचं, "अण्णा, लाल झालं." पलीकडून उत्तर यायचं, "काही पुसू नका अक्का. हात लावू नका. आलो की."

सात रस्त्याजवळचा आमचा गाळा मुळात एकच, लांबुडका. मालकाने मध्ये प्लायवुड ठोकून त्याचे दोन केले. एका भागात माझं झेरॉक्स, टायपिंग आणि लग्नपत्रिकांचं काम, दुसऱ्या भागात वीरेशअण्णांचे आठ कॉम्प्युटर. तिथे लोक तासावर गेम खेळत. भिंत छतापर्यंत पोचली नव्हती, त्यामुळे माझ्याकडचा शाईचा वास त्यांच्याकडे जायचा आणि त्यांच्याकडचा गोळीबार माझ्याकडे यायचा. पहिले सहा महिने मला त्याचा फार त्रास झाला. नंतर नंतर गोळीबार थांबला की मी दचकून वर बघायची, वीज गेली की काय म्हणून.

त्यांच्या बोर्डवर पिवळ्या रंगात नुसतं 'गेम्स' लिहिलेलं होतं. पेंटरने तेवढं मोठं रंगवून घेतलं, वर दुकानाचं नाव टाकायला उद्या येतो म्हणाला आणि आलाच नाही. अण्णांनीही त्याला पुन्हा बोलावलं नाही. "कळतंय की लोकांना," म्हणाले.

गेमच्या दुकानाचा मालक म्हटल्यावर कुणीतरी कानाला हेडफोन लावलेला पोरगेला माणूस डोळ्यांपुढे येतो. अण्णा पंचेचाळिशीचे, उंच, किडकिडीत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, चपला दाराबाहेर. बघणाऱ्याला वाटावं, हे प्राथमिक शाळेत शिकवत असणार. गाव अक्कलकोटकडचं. घरी कन्नड, दुकानात मराठी, गिऱ्हाईक तसं असेल तर हिंदी. मी त्यांच्यापेक्षा वयाने लहान, तरी पहिल्याच दिवशी त्यांनी मला अक्का केलं आणि अक्काच ठेवलं.

त्यांची एक सवय मला आधी विचित्र वाटायची. रोज सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली की ते एकेक कॉम्प्युटर सुरू करत आणि वाकून त्याच्या डब्याला कान लावत. आठही डब्यांना. मी एकदा विचारलं, "काय ऐकता हो?" तर बोट ओठांवर ठेवून म्हणाले, "थांबा की. डिस्क बिघडायच्या आधी कुरकुरती. सांगती ती. आपलं लक्ष नसतं."

प्रत्येक डब्यात दोन डिस्क. एक लहान पण वेगवान. तिला ते 'पळती' म्हणत. दुसरी मोठी, जुन्या पद्धतीची, आत चकती फिरणारी. तिचं नाव 'म्हैस'. पळतीवर ठेवलेला गेम लगेच सुरू व्हायचा, पण तिथे दोन-तीन मोठे गेम बसले की जागा खलास. म्हशीवर हवं तेवढं भरावं, पण गेम सुरू होईपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन परत येणार. त्यात गेम वर्षागणिक फुगत चाललेले. "अक्का, पूर्वी माझं अख्खं दुकान ज्या डिस्कवर मावायचं, तितं आता एक गेम पाय पसरून बसतो," असं ते म्हणत. तक्रारीच्या सुरात नव्हे. घरात वाढती मुलं असलेला बाप जसं बोलतो तसं.

सोमवारी सकाळी दुकानात गर्दी नसे. तेव्हा त्यांची हलवाहलव चाले. आठवडाभर कोण कुठल्या मशीनवर काय खेळतो हे त्यांनी वहीत लिहून ठेवलेलं असे. ज्या गेमला कुणी हात लावलेला नाही तो पळतीवरून म्हशीवर, ज्याला मागणी आहे तो म्हशीवरून पळतीवर. दुसरा कुणी असता तर सरळ जुने गेम काढून टाकून मोकळा झाला असता. अण्णांचा जीव पुसण्यात अडकायचा. गेम पुसायला त्यांची हरकत नव्हती. माणूस जिथवर खेळलाय त्याची जी बारीकशी फाइल असते, जिला सेव्ह म्हणतात, तिच्यावर त्यांचा जीव.

"गेम काय, परत मिळतो," ते म्हणत. "त्यानं सहा महिने खेळलेलं कुटनं आणणार?"

आणि मग हटकून एक गोष्ट समजावत, जी मी इतक्या वेळा ऐकली की मला गेम खेळता येत नसूनही पाठ झाली. गेम तुम्ही कुठल्याही डिस्कवर ठेवा, त्याचं सेव्ह बहुतेक वेळा तिथे नसतंच. ते गुपचूप सी ड्राइव्हच्या, म्हणजे त्या पळतीच्याच, कुठल्यातरी आतल्या कोपऱ्यात लिहिलं जातं. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून एक दिवस घोळ होणार म्हणजे होणार. म्हणून दर सोमवारी ते आठही मशीनवरची सेव्ह शोधून एका वेगळ्या, बाहेरून जोडायच्या डिस्कवर उतरवून घेत. तिच्यावर कापडी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलेलं होतं : लोकांचं.

माझा कारभार त्यांना अजिबात पसंत नव्हता. मी सगळ्या पत्रिका डेस्कटॉपवरच ठेवायची. एकदा मशीन पार अडकलं तेव्हा ते आले, पडदाभर पसरलेल्या फायली बघितल्या आणि म्हणाले, "अक्का, ही ओसरी हाय. ओसरीवर कुणी ज्वारी साठवतं का?" दोन दुपारी बसून त्यांनी मला वर्षावार, महिन्यावार कप्पे करून दिले. त्यातली एकही पत्रिका पुसली नाही. लग्नं मोडलेल्यांचीसुद्धा नाही. मी म्हटलं, ही तरी काढू या. तर म्हणाले, "असू दे की. जागा हाय तोवर असू दे."

एकदा एक गृहस्थ तरातरा त्यांच्या दुकानात शिरले. डोक्यावर टोपी, घामाघूम, हातात एसटीचं तिकीट तसंच. त्यांची मुलगी, पूजा, सोलापुरात मावशीकडे राहून बारावी करत होती आणि क्लास बुडवून अण्णांच्या तिसऱ्या नंबरच्या मशीनवर मोटारींच्या शर्यती लावत होती. तीही मागून खाली मान घालून आली.

"तो गेम काढा," गृहस्थ म्हणाले. "आत्ता. माझ्या देखत काढा."

अण्णांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. "काढतो की. गेम काढतो. तिचं खेळलेलं तेवढं काढत न्हाय."

"म्हंजे?"

"तिनं दीडशे शर्यती जिंकल्यात. एवढी मेहनत मी पुसणार न्हाय. माझ्याच्यानं होत न्हाय ते."

"ही मेहनत व्हय?" गृहस्थांचा आवाज चढला. मी झेरॉक्स थांबवून त्यांच्या दारात गेले. "अहो, तिकडं आई हिची शेरडं राखती आन् हिनं हितं मोटारी पळवायच्या?"

अण्णांनी तिच्यासमोरच गेम काढला. मग खणातून एक पेन ड्राइव्ह घेऊन तिचं सेव्ह त्यात घातलं आणि तो पूजाच्या हाती न देता तिच्या वडिलांपुढे धरला. "हे तुमच्याकडं ठेवा. कपाटात, कुलपात. परीक्षा झाली, निकाल लागला की तुमच्या हातानं द्या तिला. तोवर तिला हितं मी बसू देणार न्हाय. शब्द."

गृहस्थांनी तो पेन ड्राइव्ह उलटापालटा करून बघितला. मग रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवला. जून महिन्यात ते पुन्हा आले ते पेढे घेऊन. मलाही दिले. पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि हळूच विचारलं, "एवढे दिस ट्रंकेत व्हता. उन्हानं काय झालं नसंल न्हवं?" त्या दिवशी बापलेक दोघंही तिसऱ्या नंबरला बसले. गृहस्थांनी पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर घातली आणि इतके मोठ्याने हसले की माझं गिऱ्हाईक बाहेर जाऊन बघून आलं.

दुपारी एकच्या सुमाराला सलीमभाई यायचे. रिक्षा बाहेर लावायची, खाकी शर्टाची वरची बटणं सोडायची आणि तासभर ट्रक चालवायचा. गेममधला. परदेशातले लांबच लांब रस्ते, शिस्तीत इंडिकेटर देत. मी एकदा न राहवून विचारलं, "दिवसभर गाडीच चालवता, वर हे कशाला?" ते म्हणाले, "ताई, वो रिक्षा है, ये ट्रक है. और इधर बीच में कोई नहीं आता ना, हौ की नै?"

आणि नरसय्यामामा. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं.

मामा मूळ तेलुगू घरातले, आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेले. मागाच्या खडखडाटाने कान बरेचसे गेलेले, गुडघेही गेलेले. पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला माझ्याकडे आले आणि माझं मशीन गरम होईपर्यंत शेजारी डोकावले. तिथे एकाने शहर बांधायचा गेम लावला होता. रस्ते टाकायचे, घरं बांधायची, पाणी आणायचं. मामा अर्धा तास उभेच. अण्णांनी खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी मामा झेरॉक्सशिवाय आले.

"यात चाळ करता येती काय?" त्यांनी अण्णांना विचारलं.

तेव्हापासून रोज अकरा ते एक, आठव्या नंबरच्या मशीनवर मामा. तीन वर्षं. त्यांच्या गावात रांगेने घरं होती, तलाव होता, मोठा बाजार होता, पण कारखाना एकही नव्हता. त्यामुळे गेममधली माणसं वैतागून गाव सोडून जायची. अण्णा त्यांच्या कानाशी ओरडून सांगत, "मामा, कारखाना टाका की. लोकं काम कुटं करतील?"

"नको. आवाज लई."

"अहो, गेममध्ये कुटला आवाज?"

"बसू दे घरी लोकान्ला. मी चाळीस वर्षं केलं की."

शेवटी अण्णांनीच शोधून शेती आणि कचेऱ्या टाकायची युक्ती दाखवली, तेव्हा कुठे मामांच्या गावात माणसं टिकली. मामा कुणाशी फार बोलत नसत. घरी म्हणे त्यांना ऐकू येत नाही म्हणून कुणी काही सांगत नसे. इथे मात्र एखादा पूल पुरा झाला की ते माझ्या दारात येऊन सांगत, "पूल झाला." मी हातातलं काम ठेवून बघायला जायची.

अण्णांच्या बायकोचा धाकटा भाऊ सिद्धू दुकानात मदतीला येऊ लागला ती याच काळातली गोष्ट. पंचविशीचा, हुशार, उत्साही, दोन नोकऱ्या सोडून आलेला. त्याने गेमची स्पर्धा भरवायचं ठरवलं. पोस्टर मीच करून दिलं होतं. त्यासाठी आठही मशीनवर एक नवा, भला मोठा गेम टाकणं भाग होतं, आणि पळतीवर जागा नव्हती. अण्णा त्या दिवशी गावी गेले होते, चुलत्यांच्या तेराव्याला. जाताना एवढंच म्हणाले, "मी आल्यावर बघू." सिद्धूला वाटलं, दाजी येण्याआधी करून ठेवावं, खूश होतील.

त्याने सगळे जुने गेम नीट, न चुकता म्हशीवर हलवले. मग आठही पळत्या पुसून कोऱ्या केल्या, त्यावर नव्याने विंडोज टाकलं आणि नवा गेम टाकला. नव्या गेमची एक प्रत जवळ असावी म्हणून त्याला आणखी एक डिस्क हवी होती. खणात कापडी पट्टीवाली डिस्क सापडली. उघडून बघितली तर एवढ्या मोठ्या डिस्कवर नुसत्या बारीक बारीक फायली. त्याने तीही पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. मशीन सुरू केली, नेहमीसारखा कान लावला. मला पलीकडून सिद्धूचा आवाज ऐकू आला, "दाजी, सगळे गेम हायत की. एक पण घालवला न्हाय मी." मग अण्णांचा आवाज, अगदी हळू, "पट्टीवाली डिस्क कुटाय?"

मी भिंतीला वळसा घालून गेले. अण्णा स्टुलावर बसले होते, मांडीवर ती डिस्क. सिद्धूला आपण काय केलं ते तोवर कळलं होतं. "मला वाटलं कचरा हाय," तो म्हणत होता. अण्णा त्याला ओरडले नाहीत. ते उठले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कुणाला काय सांगायचं न्हाय. मी सांगतो."

त्यांनी स्पर्धा रद्द केली. आणि पुढचे आठ दिवस एकेका नेहमीच्या गिऱ्हाइकाला स्वतः गाठून सांगितलं. कुणाच्या घरी गेले, कुणाच्या कॉलेजच्या फाटकावर, सलीमभाईंना रिक्षा स्टँडवर. प्रत्येकाला एकच वाक्य : "तुमचं खेळलेलं माझ्या हातनं पुसलं गेलं." सिद्धूचं नाव नाही. बहुतेकांनी 'जाऊ द्या अण्णा' म्हटलं. काही जण चिडले, चार-पाच जण यायचेच बंद झाले. सलीमभाई म्हणाले, "ट्रकाँ गए तो गए, मैं हूँ ना," आणि पुन्हा पहिल्यापासून एका खटाऱ्यावर सुरुवात केली.

नरसय्यामामांना सांगायला ते गेले तेव्हा मी बरोबर होते. त्यांनीच बोलावलं होतं. मामांच्या घरी, पुढच्या खोलीत, अण्णा त्यांच्या कानाशी वाकून बोलले. मामांनी दोनदा विचारलं, "सगळा?" अण्णा म्हणाले, "सगळा." मामांनी मान हलवली, काठी घेतली आणि आत निघून गेले. सून चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघंच बसलो होतो. अण्णांनी तो चहा पुरा प्यायला, कप स्वतः धुऊन ठेवला.

पुढचे दोन-तीन आठवडे मामा माझ्याकडे येत, कागद नसला तरी येत, बाकावर बसत आणि पाठ मुद्दाम भिंतीकडे करत. पलीकडे अण्णा त्यांचा खोकला ओळखत. काम थांबवत. पण येत नसत.

सिद्धूला ते सोसलं नाही. एका सकाळी मामा बाकावर असताना तो माझ्या दुकानात आला आणि समोर उभा राहिला. "मामा, अण्णांनी न्हाय. मी पुसलं."

"काय?" मामांनी कानामागे हात धरला.

"मी पुसलं!"

"कोण बसलं?"

"मी! पुसलं! तुमचं गाव मी पुसलं!" शेवटचं वाक्य तो इतक्या मोठ्याने ओरडला की रस्त्यावरचे दोन रिक्षावाले थांबून बघायला लागले. आणि मग त्याला रडूच फुटलं.

अण्णा बाहेर आले. त्यांना संतापलेलं मी त्या एकाच वेळी बघितलं. "तुला सांगितलं होतं ना गप बस म्हणून?"

मामांनी काठी आडवी धरली. "थांब. हा पुसला, तर तू का खोटं बोलला?"

अण्णा मामांच्या शेजारी बाकावर बसले आणि कानाशी तोंड नेऊन, हळू आणि स्पष्ट बोलले. "खोटं न्हाय मामा. सेव्ह कुटं असतं, पट्टीवाल्या डिस्कवर काय हाय, ह्यातलं एक अक्षर मी ह्याला कधी शिकवलं न्हाय. कुणालाच शिकवलं न्हाय. सगळं माझ्याच डोक्यात ठेवलं. माझ्याशिवाय कुणाला जमू नये असं वाटायचं मला. मग चूक कुणाची?"

मला तोवर वाटत होतं की अण्णा मेव्हण्याला पाठीशी घालतायत. त्या दिवशी कळलं की ते आठ दिवस दारोदार जे सांगत होते ते त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मामा उठून, भिंतीला वळसा घालून, आठव्या नंबरच्या खुर्चीवर जाऊन बसले. मशीन बंद होतं. तसेच बसून राहिले.

तेव्हा अण्णांना ती जुनी डिस्क आठवली. 'लोकांचं' ही पट्टी आधी जिच्यावर होती ती. आठ महिन्यांपूर्वी ती टक-टक आवाज करायला लागली म्हणून त्यांनी बदलली होती, पण डिस्क टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माळ्यावरच्या बिस्किटाच्या डब्यात ती निघाली. जोडली तर दिसायची, पाच मिनिटं चालायची आणि गप्प व्हायची. गरम झाली की संपलंच. दिवस एप्रिलअखेरचे, सोलापूरचं ऊन सकाळी नवालाच अंगावर येणारं. मी माझा कूलर उचलून त्यांच्याकडे नेला. अण्णा आणि सिद्धू पहाटे उजाडताच दुकान उघडत, डिस्क कूलरपुढे ठेवत आणि दोन-दोन, चार-चार फायली उतरवून घेत. ती थांबली की हे थांबत. थंड झाली की पुन्हा. साडेआठला बंद. असे अकरा दिवस.

या अकरा दिवसांत अण्णांनी सिद्धूला सगळं शिकवलं. कुठल्या गेमचं सेव्ह कुठल्या कोपऱ्यात, काय आधी हलवायचं, काय कधीच नाही. आता डिस्कला कान सिद्धू लावायचा आणि अण्णा विचारायचे, "काय म्हणती?"

सलीमभाईंचे जुने ट्रक आले. बऱ्याच जणांचं बरंच काही आलं. बाराव्या दिवशी मामांना बोलावून आणलं. आठव्या नंबरवर त्यांचं गाव उघडलं, पण आठ महिन्यांपूर्वीचं. मामांनी चष्मा पुसला आणि एका टोकापासून बघत गेले. आम्ही मागे उभे.

"बाजार न्हाय," मामा म्हणाले.

"न्हाय मामा. तो नंतरचा," अण्णा म्हणाले.

"पूल पण न्हाय."

"न्हाय."

मामा आणखी बघत राहिले. तलावापाशी थांबले. "घरं हायत की," म्हणाले, आणि माउस पुढे ओढून नदीच्या काठाशी रस्ता टाकायला लागले. सिद्धू तेवढ्यात बाहेर गेला आणि सगळ्यांसाठी लिंबू सरबत घेऊन आला.

त्यानंतर दुकान आणखी तीन वर्षं चाललं. मग गेम मोबाइलवर आले, खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या आणि गाळ्याच्या मालकाला दुसरं, मोठं गिऱ्हाईक मिळालं. सिद्धूने नवी पेठेच्या एका बोळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं होतं, त्यात तो रमला. अण्णांनी बंद करायचं ठरवलं. मला वाटलं, आठ मशीन विकतील आणि आठवड्यात मोकळे होतील. त्यांना दोन महिने लागले.

कारण सेव्ह. अकरा वर्षांत जे जे कुणी नेमाने खेळून गेले, त्यांतल्या ज्याचं म्हणून काही डिस्कवर शिल्लक होतं, त्या प्रत्येकाला त्यांनी फोन करायला घेतला. वही पुढ्यात घेऊन, एकेक. "तुमचं खेळलेलं माझ्याकडं हाय. दुकान बंद करतोय. घेऊन जावा." कुणी पुण्यात, कुणी बंगळूरला, काहींचे नंबर बदललेले. काही जण फोनवर हसले. काहींना आपण काय खेळायचो तेही आठवेना. पण पुष्कळ जण आले. एक पोलीस हवालदार वर्दीत आला. दोन बायका, कॉलेजात असताना एकत्र येणाऱ्या, लेकरांना घेऊन आल्या आणि तासभर जुनी मशीन लावून बसल्या. पूजाचे वडील तिच्या वतीने आले. ती बँकेत लागली होती, सुट्टी नव्हती. सलीमभाईंच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. "घर में किधर है अण्णा? फिर भी रखता मैं," म्हणून त्यांनी पेन ड्राइव्ह रिक्षाच्या किल्लीला अडकवला. आठव्या नंबरचं मशीन अण्णांनी विकलंच नाही. ते आणि सिद्धू रिक्षात घालून मामांच्या घरी घेऊन गेले आणि पुढच्या खोलीत खिडकीशी लावून आले.

शेवटच्या दिवशी अण्णांनी दुकान झाडून घेतलं, बोर्ड उतरवला आणि माझा कूलर, जो तीन वर्षं त्यांच्याकडेच राहिला होता, धुऊन पुसून परत आणून ठेवला. "येतो अक्का," म्हणाले. मी म्हटलं, "या अधूनमधून." दोघांनाही ठाऊक होतं की ते गावी निघालेत.

मागच्या पौषात बहिणीबरोबर अक्कलकोटला दर्शनाला गेले होते. परतताना बहिणीचा गुडघा इतका दुखायला लागला की बाजारातल्या एका दवाखान्यात शिरलो. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला मागच्या खोलीत पाठवलं. तिथे काउंटरमागे, कॉम्प्युटरसमोर, वीरेशअण्णा बसले होते. केस बरेच पांढरे झाले होते, विभूती तशीच. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्यापुढे एक खूप म्हातारी बाई उभी होती, इरकली लुगड्यातली, हातात चुरगळलेली पिशवी. ती कन्नडमध्ये रडवेली होऊन काही सांगत होती. मला थोडं थोडं कळलं. नातवाच्या पायाचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो घरात सापडत नव्हता. सोलापूरच्या डॉक्टरांनी तो घेऊन या, त्याशिवाय ऑपरेशनचं ठरवता येणार नाही असं सांगितलं होतं. नवा काढला तर चालणार नव्हता, जुनाच हवा होता. तो गेला, आता काय करू, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

अण्णांनी तिला नातवाचं नाव विचारलं, गाव विचारलं, कुठल्या महिन्यात आला होता ते विचारलं. तिला महिना सांगता येईना. "जोंधळा काढायच्या टायमाला," एवढंच ती म्हणाली. अण्णांनी मान हलवली. मागच्या फळीवरून एक डिस्क काढली, जोडली आणि पडद्याकडे बघत सावकाश खाली खाली जात राहिले. माझ्या मागे रांग वाढत होती. कुणीतरी लवकर आटपा म्हणालं. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

मग ते थांबले. पडदा दोन्ही हातांनी धरून त्यांनी म्हातारीकडे फिरवला. काळ्या पडद्यावर लहानशा पायाचं पांढरं हाड होतं.

"अद, अव्वा," ते म्हणाले. "अद, अद." आहे, आहे.

म्हातारीने पिशवी खाली ठेवली आणि पडद्यावरच्या त्या पायावरून हळूच हात फिरवला.